बिनकागदाची होडी कोणाची?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. रायगड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येते. आमच्याकडे भातखाचरे, डोंगर आणि मुंबई-पुणे रेल्वे. तरी होडी इथल्या माणसाला परकी नाही. उल्हास नदी इथल्याच डोंगरात जन्मते आणि वसईच्या खाडीला जाऊन मिळते. पाताळगंगा खोपोलीकडून निघून धरमतरच्या खाडीत उतरते. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, तेव्हा देशावरचा माल घाट उतरून खोपोली, खालापूर, चौक असा पनवेलच्या बंदराला जायचा आणि तिथून मचव्यात किंवा पडावात चढून मुंबईला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये घाट चढून पुण्याकडे जोडली गेली आणि बैलगाडी-होडीची ही जोडी मोडली. पण त्याआधी इथल्या गाडीवानाचा माल शेवटी कोणाच्या तरी होडीतच जात होता.

आता दिशा उलटी झाली आहे. माल होडीकडे जात नाही, होडीच टेंपोवर चढून वर येते. शेततळे, धरणाचा फुगवटा, नदीकाठचे रिसॉर्ट, गोड्या पाण्यातली मासेमारी अशा कामांना लागणारी फायबरची किंवा लाकडी होडी कोणी नवी करकरीत घेत नाही. खाडीपट्ट्यातली जुनी स्वस्तात मिळते. समजा, कोणी अशी होडी घेतली. पैसे रोख दिले, होडी ताब्यात आली, चहा झाला. विकणाऱ्याने ती ज्याच्याकडून घेतली होती तो आखातात गेलेला. त्याच्या आधीचा मालक अल्लाहला प्यारा झालेला. बांधणाऱ्या सुताराचे बिल कधी नव्हतेच. आता तिला इंजिन लावायचे, नोंदणी करायची म्हणून हा माणूस कार्यालयात जातो आणि पहिला प्रश्न येतो, "मालकीचा पुरावा?"

पुरावा म्हणजे काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे. दिसायला हा खिडकीवरचा प्रश्न आहे, पण आपल्या किनाऱ्यावर तो पाचशे वर्षे जुना आहे.

आधी कायद्याचे एक साधे तत्त्व पाहू. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११० सांगत होते की वस्तू ज्याच्या ताब्यात आहे, तो तिचा मालक नाही असे जो म्हणेल, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे न्यायालयात होडीवाल्याला कोणी खेचले, तर "ही माझी नाही हे तू दाखव" असे तो म्हणू शकतो. नोंदणीच्या खिडकीवर मात्र हेच तत्त्व उलटे होते. तिथे होडीवर हक्क सांगणारा दुसरा कोणीच नसतो, तरीही "ही माझी आहे" हे होडीवाल्यानेच दाखवायचे असते. दोन्ही ठिकाणी सरकार एकच, माणूस एकच, होडीही एकच.

याचा अर्थ खिडकीवरचा कारकून चूक असतो असा नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, सामान्यतः तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. होडी चोरीची असेल, तर पाच हात बदलले आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे पैसे मोजले, तरी ती बहुधा मूळ मालकाचीच राहते. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. अडचण उत्तराची आहे. कोकणात होडीच्या मालकीचे उत्तर कागदावर ठेवण्याची रीत फार उशिरा आली. त्याआधी ते माणसांच्या आठवणीत असे.

आपल्या फिकहमध्येही ही गोष्ट अशीच मांडलेली दिसते. सूरह बकरामधली कर्जाच्या लिखापढीची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत असा तिचा आशय. पण त्याच आयतीत हातोहात होणाऱ्या व्यापाराला सूट आहे. तो लिहिला नाही तर गुन्हा नाही, मात्र विक्री करताना साक्षीदार ठेवा. होडीची रोखीची खरेदी नेमकी या सवलतीत बसते. आपल्या नाखवांनी सवलत घेतली आणि साक्षीदारही ठेवले. तांडेल, सुतार, जमातीतली चार माणसे. अमुक होडी अमक्याची, तिच्यात अमक्या भावाचा चार आणे वाटा, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक असे. कागद नव्हता म्हणजे पुरावा नव्हता असे नाही. अडचण इतकीच की साक्षीदार मरतात.

सूरह कहफमधली होडी तर आपण दर जुम्याला वाचतो. हजरत खिज्र गरिबांच्या होडीची फळी काढतात आणि हजरत मूसा अस्वस्थ होतात. खुलासा नंतर येतो. पलीकडे एक बादशहा होता आणि तो प्रत्येक धड होडी जबरदस्तीने घेत होता. त्या होडीवाल्यांकडे मालकीचा कागद असता तर बादशहाने सोडले असते का? या प्रश्नाचे उत्तर तफसीरपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट मिळते, म्हणून आता तिकडे वळतो.

१५०२ पासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, माल, शस्त्रे, कुठून कुठे जाणार हे सारे त्यावर. वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. कार्ताझ नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. लक्षात घ्या, कार्ताझ जहाज कोणाचे हे ठरवत नव्हता, ते कोणाच्या मर्जीने पाण्यावर आहे एवढेच सांगत होता. गुजरातच्या सुलतानांची, निजामशाहीची, पुढे खुद्द मोगलांची जहाजे या कागदावाचून मक्केकडे निघू शकत नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली, तेव्हा शाही घराण्यातल्या त्या बायकांचा काफिला परवान्याच्या घोळात सुरतेला महिनोन् महिने अडकून पडला.

या कागदावर ईसा आणि मरियम यांची चित्रे असत. अब्दुल कादिर बदायुनीने नोंदवले आहे की मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी त्यावरून फतवाच दिला. समुद्रमार्गे जायचे तर असा चित्रांचा परवाना जवळ बाळगावा लागतो, खुष्कीने जायचे तर शियांच्या मुलखातून जावे लागते, म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज फर्ज राहिलेली नाही! बदायुनीला हे मखदूम साहेब मुळीच आवडत नसत, तेवढी गाळणी लावूनच हे वाचावे. तरी एका परवान्याने एका इबादतीला हात घातला, ही गोष्ट त्या काळच्या माणसांना किती खुपत होती हे त्यावरून कळते.

आणि कागद जवळ असूनही काय होऊ शकते, ते १६१३ मध्ये दिसले. 'रहीमी' हे सुरतेचे अवाढव्य जहाज जहांगीर बादशहाच्या आईचे, मरियम-उझ-जमानी यांचे होते. लाल समुद्राकडून यात्रेकरू आणि माल घेऊन परतताना पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडले आणि गोव्याला नेले. त्याच्याकडे रीतसर कार्ताझ होता. मालकीणीविषयी तर कोणालाच शंका नव्हती. जहांगीराने संतापून दमणला वेढा घालायला फौज पाठवली, आपल्या राज्यातली जेझुइटांची चर्चे बंद केली. बादशहाच्या आईचा कागद जिथे चालला नाही, तिथे एखाद्या साध्या नाखवाने काय करावे?

आपल्या किनाऱ्यावर पुढे एकापेक्षा जास्त बादशहा झाले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या गलबताला इंग्रजांचा पास, चौलला पोर्तुगीजांचा कार्ताझ, जंजिऱ्याला सिद्दीची मर्जी आणि सरखेल कान्होजी आंग्रे यांचे दस्तक असे सगळे सांभाळावे लागे. इंग्रजी पुस्तकांनी कान्होजींना चाचा ठरवले. मला ते मुळीच पटत नाही. इतर तिघे कागद देतात ते राज्यकर्ते आणि कान्होजी कागद देतात तर ते चाचे, हा न्याय कोणता?

कान्होजी आणि मुंबईकर इंग्रज यांचे भांडण नेमके आपल्या विषयाचे होते. १७१३ मध्ये दोघांत तह झाला की इंग्रजांच्या जहाजांना आंग्रे त्रास देणार नाहीत. मग हिंदी व्यापाऱ्यांनी आपली जहाजे इंग्रजी पास घेऊन, इंग्रजी निशाण लावून चालवायला सुरुवात केली. कान्होजींचे म्हणणे सरळ होते. कंपनीचे जहाज ते कंपनीचे. दुसऱ्याच्या जहाजावर तुमचे फडके लावले म्हणून ते तुमचे होत नाही, त्याने माझे दस्तक घ्यावे. इंग्रज म्हणत, आमचा पास आहे म्हणजे ते आमचेच. जहाज मालकाने ओळखायचे की कागदाने, हा वाद होता. त्यावरून १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी हल्ले केले. दोन्ही फसले. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर त्यांचे दस्तक चालू होते.

या गोंधळात जहाजाच्या खऱ्या मालकाचे नाव बहुतेक वेळा दिसतच नाही. जुन्या युरोपीय दप्तरांत जहाज ओळखले जाते ते नाखुद्याच्या नावाने. 'नाव' आणि 'खुदा' म्हणजे धनी, यांपासून झालेला हा फारसी शब्द. आपल्यातले नाखुदा, नाखवा ही आडनावे तिथूनच आली. पण नाखुदा कधी स्वतः मालक असे, कधी मालकाचा मुनीम, कधी वाटेकरी. त्यामुळे आज आपल्या आजोबा-पणजोबांची जहाजे शोधायला जाल तर परवान्यांचे संदर्भ सापडतील, मालकी सापडणे कठीण. ज्यांनी कागद लिहिला त्यांना मालकीशी कर्तव्यच नव्हते.

ते कर्तव्य पहिल्यांदा नीट दिसते १८३८ मध्ये. त्या वर्षीचा एकोणिसावा कायदा मुंबई इलाख्यातल्या किनारी जहाजांसाठी होता. नोंदवहीत नाव, होडीला नंबर आणि ती कोणत्या ठिकाणची हे तिच्या अंगावर रंगवायचे. मासेमारीच्या आणि बंदरातल्या होड्यांनाही हा नियम लागू होता. कोळ्याच्या, दालद्याच्या होडीला सरकारी नंबर मिळण्याची ही सुरुवात. १८४१ मध्ये मोठ्या जहाजांसाठी वेगळा नोंदणी कायदा आला. १८६८ च्या कायद्याने नदी-खाडी ओलांडणाऱ्या होड्या सरकारी परवान्याखाली आणल्या.

नदी ओलांडण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. डहाणूजवळ चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ मध्ये, संजाण प्रांताचा कारभारी एक अरब मुसलमान होता. ताम्रपट त्याला 'ताजिक' म्हणतो आणि नाव देतो मधुमती, म्हणजे मुहम्मदचे संस्कृत रूप. त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य होड्या चालवल्या आणि अन्नछत्र काढले, अशी नोंद आहे. उत्तर कोकणात मुसलमानाच्या नावावर असलेल्या होड्यांचा मला माहीत असलेला हा सर्वांत जुना कागद. कागद म्हणजे तांबे!

स्वातंत्र्यानंतर १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा आला आणि २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. १९५८ च्या कायद्यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, जहाजाची मालकी दहा हिश्श्यांत मोजायची. आपले आणेवारीचे वाटे सरकारी भाषेत आले म्हणा ना. दुसरी जास्त महत्त्वाची. नोंदणीचा दाखला फक्त कायदेशीर जलप्रवासासाठी वापरायचा, मालकीचे भांडण किंवा कर्ज आहे म्हणून तो कोणी अडकवून ठेवायचा नाही. म्हणजे कायद्यालाच ठाऊक होते की चालवण्याचा कागद वेगळा आणि मालकीचा वाद वेगळा. कार्ताझपासूनचा हा फरक कायद्यात टिकला. लोकांच्या मनातून मात्र तो पुसला गेला.

तो कसा पुसला गेला हे सांगायला २६ नोव्हेंबर २००८ पाशी यावे लागते. हल्लेखोर मुंबईकडे आले ते पोरबंदरच्या 'कुबेर' या मच्छीमार बोटीतून. ती त्यांनी समुद्रात पळवली होती आणि तिच्यावरच्या खलाशांना ठार केले होते. बोट भारतीय होती, मालक खरा होता. 'रहीमी'चा कागद तिला वाचवू शकला नाही, तसेच 'कुबेर'चे. पण त्यानंतर देशभरातल्या मच्छीमार बोटींची नव्याने नोंदणी सुरू झाली. २००९ पासून एकसारखे नंबर, संगणकावरची नोंद, राज्यवार रंग, खलाशांना ओळखपत्रे. सुरक्षेसाठी ते गरजेचे होते, यात वाद नाही. फक्त होडीच्या कागदाकडे पाहण्याची नजर बदलली. कागद नसलेली होडी म्हणजे पूर्वी गरिबाची होडी, आता संशयाची होडी. त्यात होडीवाल्याचे नाव आपल्यासारखे असेल तर प्रश्न दोन जास्तच विचारले जातात, हे किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात याची एक उलटी बाजूही दिसली. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची बोट लागली. आत माणूस नाही, तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे. जिल्हाभर नाकाबंदी झाली. त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी विधानसभेत खुलासा केला की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची आहे, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडले, माणसे वाचवली गेली आणि बोट वाहत इथे आली. मालक सापडला आणि तिच्याभोवतीचा संशय गेला. मालकाचा माग लागला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो.

किनाऱ्याला लागलेल्या बेवारस जहाजासाठी १९५८ च्या कायद्यात मालकाला दावा सांगायला एक वर्षाची मुदत होती. फिकहमध्ये सापडलेल्या वस्तूचा, म्हणजे लुकताचा, मसला काढून पाहा. मोलाची वस्तू असेल तर एक वर्ष लोकांत पुकारा करा, मालक आला तर द्या. मुदत तीच. हा योगायोग असेल, पण हरवलेल्या मालकाला किती वेळ द्यावा याचा माणसांचा अंदाज जुळलेला दिसतो.

आता पुन्हा टेंपोवरच्या होडीकडे. समुद्रात मासेमारी करायची तर वाट मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाते. आपल्याकडच्या गोड्या पाण्यात इंजिनाची होडी चालवायची तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो आणि राज्यात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे आहे. वाट कोणतीही असो, कागद हरवलेल्या होडीसाठी माणसाच्या हातात जे उरते ते साधारण असे. विकणाऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर खरेदीखत आणि त्यात त्याने होडी कोणाकडून, कधी घेतली याचा उल्लेख. जुना नंबर रंगाखाली दिसत असेल तर तो ज्या कार्यालयाचा आहे तिथून ना हरकत. इंजिनावरचा नंबर आणि त्याचे बिल. होडी बांधणारा हयात असेल तर त्याचा दाखला. मच्छीमार सोसायटीचे पत्र. होडी चोरीची नाही याची पोलिसांकडून खातरजमा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि शेवटी स्वतःचे प्रतिज्ञापत्र. बरेच जण या शेवटच्या कागदापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. प्रतिज्ञापत्र म्हणजे "मी मालक आहे असे मी म्हणतो" एवढेच. त्याने मालकी तयार होत नाही. खोटे निघाले तर सजा मात्र होते.

ही यादी नीट वाचली तर लक्षात येईल की खरेदीखत, सुताराचा दाखला, सोसायटीचे पत्र, जाहीर नोटीस हे सगळे साक्षीदारच आहेत. बंदरावर तोंडी होते ते सहीशिक्क्याने आले. म्हणून घरात जुनी होडी असेल, वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावाने चालत आलेली असेल, तर बांधणारा सुतार आणि वाटेकरी चुलते जिवंत असतानाच त्यांच्याकडून लिहून घ्या. चुलत्यांच्या मागे वारस आठ होतात, त्यांतले तीन कुवेतला असतात आणि एक बोलत नसतो.

इंजिन नसलेल्या, वल्ह्याच्या होडीला आजवर आपल्या भागात कोणी विचारत नव्हते. १९१७ चा जुना कायदा फक्त यंत्राने चालणाऱ्या होड्यांपुरता होता. २०२१ च्या कायद्यात बिनयंत्राच्या होड्यांची नोंदही धरली आहे आणि ते काम राज्य सरकारने ठरवून दिलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने करायचे आहे. उद्या हे काम एखाद्या ग्रामपंचायतीकडे आले, तर ग्रामसेवकाच्या टेबलावर घरपट्टीच्या वहीशेजारी होड्यांचीही एक वही येईल. उल्हास किंवा पेज नदीकाठचा कातकरी, जो बापाने दिलेल्या होडीतून मासे धरतो, तो त्या टेबलासमोर उभा राहील. होडी कोणाकडून घेतली, या रकान्यात तो बापाचे नाव सांगेल. ते नाव तसेच लिहून घ्यायचे की पावती मागायची, हे त्या दिवशी तिथे बसलेला माणूस ठरवेल.